परमेश्वरातला श्व

मे महिन्यात आमच्या घरी मोठ्याने वाचायचं म्हटलं की आधी कूलर बंद करावा लागतो. जुना लोखंडी कूलर आहे, चालू असला की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. धाकटा उठून बटण बंद करतो, पातं गरगरत थांबतं, ताट्यांतून पाणी टपकत राहतं आणि तेवढ्या शांततेत आम्ही वाचून घेतो. दहा-बारा मिनिटांत मानेवरून घाम ओघळायला लागतो. पण गोष्ट ऐन रंगात आली असेल तर कूलर लावायला कोणी उठत नाही. बाहेर पारा पंचेचाळीसवर, घरात दोन मुलं, त्यांची आजी आणि मी. आठ वर्षं आमचे उन्हाळे असेच चालले आहेत.

आम्ही नागपुरात अजनीकडे राहतो. मुलांचे पप्पा रेल्वेत आहेत, शिफ्टची ड्यूटी. थोरली शाळेत जात होती तेव्हा आठवड्यातले चार-चार दिवस बापलेकीची भेट होत नसे. ते रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे तेव्हा ती शाळेत. ती दुपारी यायची तेव्हा ते झोपलेले. संध्याकाळी ती होमवर्कला बसली की हे डबा घेऊन निघायचे. शाळा चांगली होती, बाई जीव लावणाऱ्या होत्या. पण दुसरीतल्या पोरीच्या वह्या रात्री साडेनऊपर्यंत संपत नसत, आणि मग मी वाचायला घेतलेली गोष्ट दुसरं पान उलटायच्या आत तिचे डोळे मिटायचे. एकदा तिने विचारलं, “आई, पुस्तकं वाचायची सुट्टी कधी लागते?” त्या रात्री आम्ही दोघं खूप वेळ बोललो, प्रार्थना केली. तिला घरीच शिकवायचं ठरलं. वार्षिक परीक्षा झाल्यावर शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आलो. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. तो शाळेत कधी गेलाच नाही.

“हे कायद्यात बसतं का?” हा प्रश्न पहिल्या वर्षात मला सगळ्यांनी विचारला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. घरी शिकवण्याची वेगळी तरतूद त्यात नाही. आम्ही पाहिलं ते पुढचं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, ही केंद्र सरकारची संस्था आहे. १४ वर्षं पूर्ण झालेलं मूल तिची दहावी देऊ शकतं आणि ते प्रमाणपत्र पुढे चालतं. एवढी खात्री करूनच पाऊल उचललं. तरी माझी नणंद, जी स्वतः शिक्षिका आहे, सहा महिने माझ्याशी धड बोलली नाही. “वहिनी, पोरीचं नुकसान करून राहिल्या तुम्ही,” एवढंच म्हणाली. तिचा राग प्रेमापोटी होता, पण तो मला फार लागला.

पहिले तीन महिने मी घरात शाळाच भरवली. भिंतीवर फळा, वेळापत्रक, दहाची प्रार्थना, पस्तीस मिनिटांचे तास. चौथ्या महिन्यात थोरली पुन्हा तशीच दमलेली दिसायला लागली, फरक इतकाच की आता दमवणारी मी होते. तेव्हा चर्चमधल्या एका मैत्रिणीने शार्लट मेसनबद्दल सांगितलं. इंग्लंडमधल्या या शिक्षिकेने (१८४२–१९२३) मांडलेली पद्धत आज जगभरातली अनेक ख्रिस्ती कुटुंबं घरी वापरतात. सारांश भरलेल्या पुस्तकांऐवजी, ज्याने त्या विषयावर जीव ओतून लिहिलं आहे त्याचं सलग पुस्तक मुलांपुढे ठेवायचं. एकदाच वाचायचं. मग मुलाने ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, वाक्य पुरं करून द्यायचं नाही. लहान मुलांचे पाठ दहा-पंधरा मिनिटांचे, आणि रोज उघड्यावर फिरणं.

आमच्या घरात या सगळ्याला एकच नाव पडलं, ‘सांगणं’. “तुझं सांगणं झालं का?” हे वाक्य आमच्याकडे “जेवलास का?” इतकंच रोजचं आहे.

अडचण पुस्तकांची होती. या पद्धतीच्या याद्या इंग्रजीतल्या, त्यांतले पक्षी आणि फुलं तिकडची. माझ्या मुलांना खिडकीत कोतवाल दिसतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये शहराबाहेर पळस पेटलेला दिसतो. मग मी यादी बाजूला ठेवली आणि पद्धत तेवढी घेतली. बर्डीच्या बाजारातली जुनी पुस्तकं, वाचनालयाचं कार्ड, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त मराठी पुस्तकं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात, हे कळलं त्या दिवशी मला खजिना सापडल्यासारखं झालं. माझी नोकरी सुटली होती, घर एका पगारावर चाललेलं, त्यामुळे हे सगळं आम्हाला मोलाचं होतं.

दिवस आजीपासून सुरू होतो. पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस, म्हणून तारीख पाहायची आणि तो अध्याय काढायचा. एकतिसावा अध्याय, सद्गुणी स्त्रीचा, आजीच्या फार आवडीचा. पण एकतीस तारीख वर्षातून सातदाच येते, म्हणून बाकीच्या महिन्यांत ती शेवटच्या दिवशी तोही जोडून वाचते. मग एक गीत, प्रार्थना, चहा-दूध. नऊपर्यंत गणित, कारण ते ऊन चढायच्या आत झालेलं बरं. मग वाचन आणि सांगणं. ह्यांची रात्रपाळी असेल तर ते सकाळी घरी येऊन डोळ्यांवर हात ठेवून तिथेच आडवे होतात आणि ऐकत ऐकत झोपतात. संध्याकाळी साडेपाचला मुलं खाली खेळायला जातात, कॉलनीतली सगळी पोरं तेव्हा बाहेरच असतात. “मित्र कसे होतील?” ही लोकांची काळजी, पण आमच्यावर तिची वेळ कधी आली नाही.

सांगणं सुरुवातीला थोरलीला जड गेलं. “काही आठवत नाही,” एवढंच म्हणायची आणि उत्तराची वाट पाहत माझ्या तोंडाकडे बघायची. शाळेत ती उत्तरं द्यायला शिकली होती, सांगायला नव्हे. दोन महिने लागले. धाकट्याचं उलट. शास्त्रातल्या नहेम्याने यरुशलेमचा कोट बावन्न दिवसांत बांधला, एका हाताने काम आणि दुसऱ्या हातात शस्त्र, हे वाचलं त्या दिवशी त्याने स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून गोल रचले, प्रत्येकापाशी आगकाडी उभी केली आणि म्हणाला, “आता हा माणूस वीट ठेवून राहिला आणि हा पाहून राहिला की शत्रू येतो का.” डाळीचा डबा दरवाजा होता. संध्याकाळी मला कुकर लावायला डाळ हवी होती. त्याने दरवाजा उघडून दिला.

पण हाच मुलगा आठ वर्षांचा झाला तरी वाचत नव्हता.

अक्षरं येत होती. काना-मात्रा येत होत्या. जोडाक्षर आलं की तो थांबायचा, बोट तिथेच ठेवून वर बघायचा, आणि मग पुस्तकच मिटायचा. डोळे तपासले, कान तपासले, शिकण्यातल्या अडचणींची तपासणीही करून घेतली. तसं काही निघालं नाही. पुस्तकाजवळ तो दिवसभर बसे, ऐकलेलं पानन्‌पान सांगे, आणि स्वतः वाचायचं म्हटलं की बंद. एका रविवारी संडे स्कूलमध्ये वचन वाचायची पाळी त्याच्यावर आली. मी दाराशी उभी होते. त्याने पवित्र शास्त्र दोन्ही हातांनी उचललं आणि शेजारच्या मुलाकडे सरकवलं. काही बोलला नाही. घरी येताना गाडीवर मागे बसून माझ्या पाठीला डोकं टेकवलं, तेवढंच.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, “उद्या शाळेत जाऊन चौकशी करू.” सासूबाई आतून म्हणाल्या, “थोडं थांब. माझ्या डोळ्याचं होऊ दे.”

त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. ते नीट पार पडलं. पण नवीन चष्म्याचा नंबर दीड महिन्याने मिळणार होता, दुसरा डोळा अधूच, आणि मोठ्या टाइपातलं शास्त्रसुद्धा त्यांना दिसेना. साठ वर्षांत ज्या बाईचा दिवस वाचल्याशिवाय उजाडला नाही, ती काळा चष्मा लावून नुसती बसून राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी होते. आजीने धाकट्याला हाक मारली. “माझं शास्त्र आण. तेविसावं स्तोत्र काढ.”

“आजी, मला वाचता येत नाही.”

“तुला पाठ आहे ना? पाठ म्हण, अन् बोट ठेवत जा.”

तो म्हणायला लागला, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. बोट अक्षरावर. ‘परमे’पर्यंत ठीक होतं. पुढच्या अक्षरावर बोट थांबलं. तोंडाने शब्द पुरा झाला होता आणि बोट अजून तिथेच होतं. मी पोळी तव्यावर तशीच सोडून आत पाहत होते.

“आजी, हा श्व आहे?”

“कोणता?”

“हा. परमेश्वरातला श्व.”

त्या पानावर तो अजून कुठे आहे का ते त्याने शोधलं. मागचं पान शोधलं. मग शास्त्र सोडून वर्तमानपत्र घेतलं. ‘विश्वास’ सापडला, ‘आश्वासन’ सापडलं. दुपारी ह्यांच्याबरोबर बाजारात गेला आणि एका सुताराच्या दुकानावरचं ‘विश्वकर्मा’ वाचून आला. रात्री झोपताना त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं, “श्वासातला पण तोच ना?” मी वर्षभर त्याला जोडाक्षरांचे तक्ते दाखवत होते, अर्धा श अधिक व. त्याला तो तक्त्यात कधी दिसला नाही. जो शब्द जन्मापासून कानावर होता, त्यात तो आयता बसलेला सापडला.

मग रोज एक स्तोत्र. आधी पाठ असलेली, मग अर्धी पाठ असलेली. ‘स्तोत्र’ या शब्दातच स्त आणि त्र, ‘ख्रिस्त’मध्ये ख्रि आणि स्त, तो त्यांची वहीत नोंद करायचा, बाजूला गाव लिहिल्यासारखं ते अक्षर कुठे भेटलं ते लिहायचा. तीन आठवड्यांनी आजीने एकशे एकोणिसावं काढलं. १७६ ओव्यांचं, सगळ्यांत लांब स्तोत्र. इब्री (हिब्रू) वर्णमालेच्या बावीस अक्षरांप्रमाणे त्याचे बावीस भाग, प्रत्येकात आठ ओव्या. रोज एक भाग. हे तर त्याला पाठ नव्हतंच. सतरावा भाग झाला त्या दिवशी आजीचा नवीन चष्मा आला. त्यांनी तो घालून पाहिला, खिडकीबाहेर बघितलं, पुसला आणि पुन्हा डबीत ठेवला. “बावीस होऊ दे,” म्हणाल्या. पाच दिवस ती डबी त्यांच्या उशाशी होती.

त्यानंतर त्यांनी स्वतः आम्हाला एक पुस्तक वाचून दाखवलं, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. मराठी ख्रिस्ती घरांत हे पुस्तक नसतं असं सहसा होत नाही, पण घरी शिकणाऱ्या मुलांबरोबर ते ऐकताना मला ते नव्याने कळलं. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख लग्नानंतर, घरीच, नवऱ्याच्या हाताखाली झाली. त्यांचे यजमान, रेव्हरंड नारायण वामन टिळक, यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूने १९१९ मध्ये अपुरं राहिलं, आणि पुढे ते पूर्ण केलं ते या बाईंनी. धाकट्याने हे ऐकून एकच विचारलं, “त्यांना जोडाक्षरं किती वर्षांच्या असताना आली?”

टिळक काही काळ नागपुरातही होते. इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि पुढे १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते मानत, म्हणून आमच्याकडे तुकोबांचे अभंगही सकाळच्या पाठांतरात असतात. आगगाडीची ही हकिकत ऐकून ह्यांनी मुलांना नकाशा काढून दिला: नागपूर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव. आपल्या पप्पांच्या रुळांवर ही गोष्ट घडली, याचा मुलांना केवढा अभिमान!

थोरलीचं वेड वेगळं, दगडांचं. त्याचं कारण हिस्लॉप. कॉलेजमुळे नाव सगळ्या नागपूरला ठाऊक आहे. कॉलेज १८८३ चं, पण स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये इथे आले. शाळा काढली, नागपूरच्या आसपासचे जीवाश्म गोळा केले, त्यांवर लिहिलं, गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाची गाणी उतरवून घेतली. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेले दगड, पाहून परतताना रात्री ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. त्याच वर्षी आपल्या अजब बंगल्याची, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाची स्थापना झाली. काटोल रोडवर जुनापाणीला तशीच शिळावर्तुळं आहेत, सुमारे तीनशे. एका डिसेंबरच्या सकाळी आम्ही पराठे बांधून तिकडे गेलो. काही दगडांवर वाटीसारखे छोटे गोल खड्डे कोरलेले आहेत. थोरलीने बोटाने ते एकेक मोजले, वहीत उतरवले. मग एका दगडाला टेकून तिने आम्हाला हिस्लॉपचं सांगणं सांगितलं, सलग वीस मिनिटं. ओढ्यापाशी आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला. सुरुवातीला “काही आठवत नाही” म्हणणारी पोर ती हीच.

ती चौदाची झाली आणि दहावीचं काम सुरू झालं. ज्यांना या वाटेने जायचं आहे त्यांच्यासाठी हे जरा नीट लिहिते. एनआयओएसला पाच विषय लागतात, त्यात निदान एक भाषा हवी. आम्ही मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक विज्ञान घेतलं, सहावी चित्रकला. आठवी पास असल्याचा कागद नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं. गुणांपैकी २० टक्के घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांचे, त्यांना टीएमए म्हणतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी. एखादा विषय राहिला तर तो पुन्हा देता येतो, बाकीचे जमा राहतात. ही शेवटची गोष्ट कळल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

आमची गाडी अडली जन्मदाखल्यावर. तिच्या दाखल्यात नावाचा रकाना कोराच होता. जन्मनोंद दवाखान्यातून झाली, नाव बाप्तिस्म्याला ठेवलं, आणि ते नोंदीत घालायला आम्ही कधी गेलोच नाही. पंधरा वर्षांच्या आत नाव घालता येतं. तरी एका कार्यालयात मला चार खेपा पडल्या. एका वेळी शाळेचा दाखला नाकारला, दुसऱ्या वेळी तोच मागितला. चौथ्या खेपेला प्रतिज्ञापत्र जोडून ते झालं. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी आजच तो रकाना उघडून पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

या पद्धतीची उणीवही तेव्हा उघडी पडली. तोंडाने वीस मिनिटं सांगणारी मुलगी तीन तास लिहू शकत नव्हती. चाळीस मिनिटांत हात दुखायचा, अक्षर विस्कटायचं. सांगणं लेखी करायला आम्ही दोन वर्षं आधी लागायला हवं होतं. जानेवारीपासून रोज एक तास, मग दीड, मग पूर्ण पेपर. गणितात तर मी तिला पुरी पडलेच नाही. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा संध्याकाळी येऊन शिकवून जायचा. आणि सामाजिक विज्ञान? त्यासाठी आली माझी नणंद. रविवारी उपासना आटोपली की जेवून दोघी बसायच्या. कोणी काही जुनं काढलं नाही.

पहिला पेपर मराठीचा. दुसरीनंतर पहिल्यांदा ती वर्गातल्या बाकावर बसणार होती. मी आणि धाकटा फाटकाबाहेर कडुलिंबाखाली थांबलो, तो मांडीवर ‘किशोर’चा जुना अंक घेऊन. साडेपाचला ती बाहेर आली, बोटांना शाई, कपाळावर केस चिकटलेले. मी काही विचारायच्या आत धाकटा म्हणाला, “सांग.” आणि तिने गाडीपर्यंत चालत जाता जाता पहिल्या प्रश्नापासून सांगायला सुरुवात केली. पेपरातला एक उतारा तिला इतका आवडला होता की तो तिने जवळजवळ तसाच्या तसा ऐकवला. लेखकाचं नाव मात्र तिला आठवेना, त्याची चुटपुट घरी येईपर्यंत.

सगळे विषय निघाले. गणितात ५२. लेकीने स्वतः ठरवलं की अकरावीला ती कॉलेजात जाईल. तिला भूगर्भशास्त्राकडे जायचं आहे आणि त्यासाठी प्रयोगशाळा हवी, ती माझ्या स्वयंपाकघरात नाही. प्रवेश झाला आहे. धाकटा अजून घरीच आहे, त्याची वही आता तिसरी चालू आहे.

कॉलेज सकाळी सातचं. थोरलीने काल विचारलं, “मग नीतिसूत्रं?” ती आता पहाटे साडेपाचला आणली आहेत. आजी म्हणाल्या, त्यांना तशीही पाचला जाग येते, आणि त्या वेळी कूलर बंद करायचीही गरज नाही.